नुसता ठेवलेला हात

ललिताबाईंचा त्या रविराज डॉक्टरवर पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नाही, आणि त्याला कारण एकच. त्याच्या हातून आवाज निघत नव्हता.

हाडं बघणारा माणूस म्हणजे आवाज हवा, हे त्यांचं मत मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये असतानाच पक्कं झालेलं. तिथे एक पैलवान होता. तो आखडलेल्या माणसाची मान धरायचा, "ते बघा इंजिन आलं" म्हणायचा आणि माणसाने तिकडे बघितलं रे बघितलं की कडाड्! आता तर मोबाइलवरही तसले व्हिडिओ येतात. कायरोप्रॅक्टर म्हणवणारे लोक पाठीवर जवळजवळ चढून बसतात, मान पिळतात, आणि आवाज असा येतो की बघणाऱ्याचीच पाठ मोकळी व्हावी. ललिताबाई ते व्हिडिओ जेवणानंतर आवडीने बघत. त्यामुळे त्यांची लेक स्नेहल बाळंतपणानंतर एका कायरोप्रॅक्टरकडे जायचं म्हणाली, तेव्हा त्यांना वाटलं, चला, पोरीचं एकेक हाड आता जागच्या जागी बसणार.

आणि हा बाबा करत काय होता? इंदिरानगरात पहिल्या मजल्यावर त्याची खोली. स्नेहलला टेबलावर कुशीवर निजवायचं, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, कमरेखाली रबराची छोटी पाचर सरकवायची आणि मानेखाली दोन बोटं ठेवून बसायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही. मध्येच हळूच विचारायचं, "इथे ठीक आहे? की सोडू?"

"हात लावतो की नुसताच ठेवतो गं?" ललिताबाईंनी जिना उतरतानाच विचारलं. "एवढ्यासाठी रिक्षा करून यायचं? हात काय, मी ठेवला असता घरी."

"तू ठेवत नाहीस, आई. तू दाबतेस," स्नेहल म्हणाली.

यात काही खोटं नव्हतं. ललिताबाईंच्या हातांना नुसतं राहणं माहीतच नव्हतं. लेकराला ताप आला की त्या डोकं चेपत, पाय दुखला की पाय रगडत, दुःखाच्या घरी भेटायला गेल्या तरी समोरच्या बाईचा दंड चोळत बोलत. माया म्हणजे त्यांच्या लेखी मेहनतीचं काम होतं.

स्नेहल लहान असताना या घरात तिच्या अंगाचं कौतुक चालायचं. पाहुणे आले की ललिताबाई हाक मारत, "स्नेहल, दाखव गं काकांना." मग ती अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायची, पाय उचलून मानेमागे घालायची आणि पाहुणे म्हणायचे, रबराची बाहुली आहे हो नुसती! बाहुलीला लाडू मिळायचा. पुढे शाळेच्या जिन्यात गुडघ्याची वाटी सरकली, मग बसमध्ये वरचा दांडा धरताना खांदा निसटला, मग रोज काहीतरी दुखायला लागलं, तेव्हा तेच लोक म्हणाले, पोरगी नाटकी आहे. लग्नात सुपारीचा खेळ झाला. नवरी मुठीत सुपारी घट्ट धरते आणि नवऱ्याने ती एका हाताने सोडवायची. सुयशला मूठ उघडता आली ती करंगळी सांध्यातून निघाली म्हणून. स्नेहल पांढरीफटक पडली आणि सगळा मांडव हसत होता. ललिताबाईही हसल्या होत्या, कारण त्यांना वाटलं, लाजली.

दोन शहरं आणि ढीगभर डॉक्टर झाल्यावर एकाने त्या दुखण्याला नाव दिलं. नाव इतकं लांबलचक की ललिताबाईंनी ते शिकायचा नाद सोडला. रविराजने त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं.

"काकू, जुन्या परकराचं इलॅस्टिक कसं सैल पडतं? स्नेहलच्या सांध्यांना बांधून ठेवणारं जे आहे ना, ते जन्मापासून तसं आहे. मी ते घट्ट करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही. जोर लावून मोडलं तर आवाज येईल, तुम्हालाही बरं वाटेल, पण ते आणखी ताणलं जाईल. म्हणून मी ओढत नाही. स्नायू घाबरून आवळलेले असतात, ते जरा सैलावले, आजचा दिवस कमी दुखला, तर माझं काम झालं."

आजचा दिवस! डॉक्टर आणि आजच्या दिवसापुरतं बोलतो, म्हणजे वाण्याने एका वेळच्या तांदळाची हमी दिल्यासारखं झालं. ललिताबाईंनी नाक मुरडलं.

"घरात आणखी कुणाला असं आहे का?" त्याने विचारलं. "बहुतेक वेळा हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं."

"छे! दोन्हीकडची माणसं ठणठणीत," ललिताबाई ताडकन म्हणाल्या. खुर्चीवर त्या दोन्ही पाय वर घेऊन, गुडघे जोडून, तळवे दोन बाजूंना बाहेर काढून बसल्या होत्या. लहानपणापासून त्यांना तसंच बसायची सवय. मनगटाला पट्टा होता आणि गुडघ्याला मलम, पण तो संसाराचा हिशेब झाला. बाईच्या जातीला दुखायचंच. मनात मात्र त्यांनी दोष वाटूनही टाकला. असलंच तर ते गार्डसाहेबांकडून, म्हणजे त्यांच्या कैलासवासी यजमानांकडून. त्यांची एक आत्या लंगडत असे. गेलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो उलट बोलत नाही.

पण त्या प्रश्नाने त्यांच्या काळजात जे घर केलं ते गेलं नाही. घरी पाळण्यात रेणू होती. तीन महिन्यांची. चांदवडच्या रेणुकेला बोललेली म्हणून रेणुका. स्नेहलचं आता जे व्हायचं ते होणार हे ललिताबाईंना आतून कळून चुकलं होतं. बाळंतपणाने तिचं अंग पार खिळखिळं केलं होतं. एकदा बाळाला पाळण्यातून उचलताना तिचा खांदा निसटला. बाळ एका हातावर पेलून ती ओरडत उभी होती, आणि ललिताबाई धावत पोचेपर्यंत उभीच होती. तेव्हापासून स्वतःची लेक उचलायची तिला बंदी. पाजायचं तेसुद्धा आडवं पडून, उशा लावून. सासरहून फोन यायचा, "बरी झाली की आणतो आम्ही." सुयश पुण्याहून रविवारी यायचा, बायकोशेजारी बसायचा आणि जाताना सासूकडे बघायचा. बरी कधी, ते कुणी कुणाला सांगत नव्हतं.

ललिताबाईंचं मागणं आता एवढंच उरलं होतं की हे रेणूत उतरू नये.

आणि त्यासाठी त्यांच्याकडे उपाय होता, कारण त्यांच्याकडे कारण होतं. स्नेहलला लहानपणी मालीश पुरी झाली नव्हती. मनमाडला न्हाऊ घालणारी बाई महिना भरायच्या आत स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली आणि ललिताबाईंनी घाबरत घाबरत पोरीला नुसतं पाणी घातलं. सांधे कच्चे राहिले, दुसरं काय! कच्चं मडकं पाणी धरत नाही, हे सांगायला मोठं कॉलेज लागत नाही. हे त्यांनी स्नेहलला एकदा बोलून दाखवलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "रेणूला कुणी ओढायचं नाही, आई. रविराज डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. तेल नुसतं फिरवायचं."

"बरं बाई," ललिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी देवळाली कॅम्पला अक्काबाईंना निरोप धाडला.

मंगळवारी आणि शुक्रवारी स्नेहल रिक्षाने डॉक्टरकडे जायची. रिक्षा वळली की अक्काबाई यायच्या. कॅम्पातल्या फौजी लोकांची दोन पिढ्या बाळं त्यांनी न्हाऊ घातली होती. त्या पाटावर पाय लांब करून बसत, बाळाला नडग्यांवर पालथं घेत आणि तेलाचे हात असे चालवत की बघणाऱ्याला झोप यावी. मग उताणं करून हातापायांची कात्री. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. मग पाय जुळवून कपाळाला. मग पाणी, मग ओवा-वावडिंगाची धुरी. स्नेहल येईपर्यंत बाळ गाढ झोपलेलं आणि खिडक्या उघड्या.

"लोण्याचा गोळा हाय नुसता," अक्काबाई म्हणाल्या. "मेजरसायबांची पोरं लय न्हाऊ घातली, पर असं अंग नाय बघितलं. ह्ये बघा, ललिताताई, पाय कुठं जातो त्यो."

पाय कपाळाला लागून थांबला नाही. कानावरून पार मागे गेला, आणि रेणू हसली. ललिताबाईंना एकदम पाहुण्यांनी भरलेली बाहेरची खोली आठवली. पण बाळं सगळीच लवचीक असतात, असं त्या डॉक्टरनेच एकदा सांगितलं होतं, आणि त्याचं एवढं एक वाक्य त्यांनी लगेच मान्य केलं.

"जरा जोर लावा, अक्काबाई," त्या म्हणाल्या. "पक्के होऊ द्यात सांधे."

पुढच्या शुक्रवारी अक्काबाईंनी मांडी बाहेरच्या बाजूला उघडली आणि आवाज आला. मोठा नाही, सुपारी फुटावी तेवढाच. कट्. इतके दिवस ललिताबाईंना ज्या आवाजाची हौस होती, तोच. रेणू रडलीही नाही.

"वायू सुटला बघा," अक्काबाई म्हणाल्या. "मोकळी झाली आता पोर."

त्या गेल्यावर ललिताबाईंनी लंगोट बदलायच्या निमित्ताने मांडी स्वतः उघडून बघितली. पुन्हा कट्. मिटली, पुन्हा उघडली. पुन्हा. रेणू त्यांच्याकडे बघून मुठी चोखत होती. ललिताबाईंनी घाईघाईने दुपटं गुंडाळलं आणि देवापुढे जाऊन दिवा लावला. दिवा लावायची वेळ झालेली नव्हती.

रविवारपर्यंत त्यांनी कळ काढली. मग स्नेहलला सांगितलं, पण अर्धंच: "कपडे बदलताना आवाज येतोय गं." स्नेहलने बाळाच्या मांडीवर तळवा ठेवला, हलकेच मांडी उघडली, आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले. सुयश शेजारी बसला होता. त्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, सोमवारची रजा टाक.

लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खुबा खोबणीत नीट बसत नव्हता, दोन्हीकडे. त्यांनी बाळाला पट्टे बांधले. खांद्यावरून येऊन पावलांपर्यंत जाणारे पट्टे, पाय बेडकासारखे दुमडून बाहेर काढलेले. काही महिने असेच ठेवायचे. पट्ट्यांनी खुबा बसेल, असं ते म्हणाले, आणि मग स्नेहलचे कागद चाळत म्हणाले, "बाकीचे सांधेही फार सैल आहेत. आईचं बघता पुढे लक्ष ठेवावं लागेल."

ललिताबाईंनी यातलं निम्मंच ऐकलं. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घुमत होती, आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, ती त्यांना दिलासा देत होती. हे अक्काबाईंच्या हाताने झालं. म्हणजे हे त्यांनी केलं. जोर लावा, असं त्यांनीच सांगितलं होतं. मग ही दुखापत झाली. आजार कुठे झाला? मार लागला असेल तर मार बरा होतो. मंगळवारी त्या हट्टाने स्नेहलबरोबर रविराजकडे गेल्या. रेणूला मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या तेव्हा त्यांना आपल्या पापाचा आधार वाटत होता.

खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी सांगून टाकलं. अक्काबाई, शुक्रवार, कात्री, सगळं. स्नेहल टेबलावर चढत होती ती तशीच थांबली.

"तू तिला ओढायला लावलंस?"

"लावलं. मीच लावलं," ललिताबाई म्हणाल्या. त्यांनी लेकीकडे बघितलं नाही. "डॉक्टर, माझ्यामुळे झालं ना हे? तुम्ही स्पष्ट सांगा. मला काय बोलायचं ते बोला. हिलाही बोलू द्या. मालीश चुकली म्हणून झालं. हो ना?"

रविराजने बाळाकडे बघितलं. "बघू का?" असं त्याने स्नेहलला विचारलं आणि मग रेणूच्या मुठीत आपलं बोट दिलं. तिची बोटं त्याने एकेक करून उलगडली, अगदी फुलाची पाकळी बघावी तसं. कोपर बघितलं. घोट्याला नुसता स्पर्श केला. कुठेच जोर नव्हता. ललिताबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"मालीश बंद केलीत ते उत्तम झालं, पुन्हा करू नका," तो म्हणाला. "पण काकू, हे मालिशीने झालेलं नाही."

"नीट बघा. आधी ठीक होती."

"अक्काबाईंनी बोटं ओढली होती?"

"बोटं... नाही. बोटांना नुसतं तेल."

"बोटंही तशीच आहेत. कोपरं तशीच आहेत. एवढ्या लहान बाळाला मी आजार असल्याचं लिहून देणार नाही, तेवढं कुणालाच आत्ता सांगता येत नाही. मोठी झाली की कळेल. पण तुम्हाला मी खोटा धीरही देणार नाही."

"अहो, माझी चूक आहे म्हणते ना मी!" ललिताबाईंचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "एवढंच म्हणा. तुमचं काय जातंय? मी केलं म्हणा."

पुढचा प्रश्न विचारायला नको असंही रविराजला वाटलं असावं, कारण त्याने आधी स्नेहलकडे बघितलं. मग म्हणाला, "काकू, तुमचा हात देता जरा? पट्टा काढून."

ललिताबाईंनी पट्टा काढून हात पुढे केला. त्याने त्यांचा अंगठा धरला नाही, तो फक्त म्हणाला, "हा अंगठा मनगटाकडे वळवता येतो?" त्यांनी दुसऱ्या हाताने वळवला. अंगठा गेला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सपाट टेकला. काही श्रम पडले नाहीत.

"हे काय," त्या म्हणाल्या, "सगळ्यांचाच टेकतो की."

रविराजने स्वतःचा अंगठा वळवून दाखवला. तो अर्ध्या वाटेवर अडला. ललिताबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग स्नेहलकडे.

"नाही टेकत, आई," स्नेहल म्हणाली. "सगळ्यांचा नाही टेकत."

पन्नाशी उलटून गेली तरी त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईचा टेकायचा. लासलगावच्या घरी आई चुलीपुढे तळवे बाहेर काढून बसायची, गुडघ्यांना फडकी बांधायची आणि वात आहे म्हणायची. त्यांचा स्वतःचा टेकायचा, लेकीचा टेकायचा. त्यांच्या घरात सगळ्यांचाच टेकत होता, मग जगात टेकत नसेल असं कशाला वाटेल? पाहुण्यांना लेकीचा अंगठा दाखवताना मौज वाटायची ती एवढ्या लहान वयात जमतं याची. बिचाऱ्या गार्डसाहेबांच्या आत्याला त्यांनी उगाच बोल लावला होता. ती बहुधा कुठेतरी पडली असेल.

त्यांनी दोष मागितला होता आणि तो त्यांच्या पदरात पडला होता. फक्त चुकीसारखा नाही. चूक सुधारता आली असती, अक्काबाईंना बंद केलं तशी बंद करता आली असती. हे त्या करून मोकळ्या झाल्या होत्या, रेणूच्या जन्माआधी, स्नेहलच्याही जन्माआधी, आणि करताना त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. आता रागावणार कोण आणि कुणावर? ललिताबाई भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीत बसल्या आणि सवयीने पाय वर घेतले. मग लक्षात आल्यावर खाली सोडले.

परतताना रिक्षात तिघी होत्या. रेणू पट्ट्यांमध्ये आखडून आजीच्या मांडीवर, स्नेहल मानेमागे उशी घेऊन कोपऱ्यात. वडाळा नाक्याकडच्या सिग्नलला रिक्षा थांबली. ललिताबाईंना वाटलं, आता स्नेहल बोलेल, शिव्या घालेल, आणि घालाव्यात असं त्यांना फार वाटत होतं.

"आई," स्नेहल शेवटी म्हणाली, "कोपर असं मागे ताणून बाळाचा भार घेऊ नकोस. जरासं वाकलेलं ठेव. त्याने कमी दुखतं."

ललिताबाईंनी कोपर वाकवलं. खरंच कमी दुखलं. त्यांना रडू आलं, त्यांनी तोंड फिरवलं, पण हातात बाळ असल्याने डोळे पुसता येईनात.

घरी रेणू किरकिरायला लागली. पट्ट्यांमुळे तिला कुशीवर वळता येत नव्हतं. स्नेहल खाटेवर पडूनच म्हणाली, "बघतेस का जरा?" ललिताबाई पाळण्याशी गेल्या. त्यांचे हात आपोआप पुढे झाले, पाय चेपायला, पाठ चोळायला, काहीतरी करायला. पाय बांधलेले होते. हात ओढायचे नव्हते. खांद्यावरून पट्टे गेलेले. सगळ्या बाळात उरली होती छातीवरची तळव्याएवढी जागा.

तिथे त्यांनी हात ठेवला. दाबला नाही, फिरवला नाही. रेणू आणखी बराच वेळ रडली, आणि त्या तशाच वाकून, कोपर जरासं वाकवून, हात ठेवून उभ्या राहिल्या. पलीकडून स्नेहल बघत होती. रडणं मंद झालं तेव्हा रेणूने तो हात धरला आणि तिची इवलीशी बोटं मागच्या मागे पार वळली. ललिताबाईंनी हात काढून घेतला नाही. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.